पोचलं

१

त्या शाळेच्या मेट्रनला सगळे मावशी म्हणत. अकरा देशांतली अडतीस पोरं, कुणाची जीभ कशी वळायची तर कुणाची कशी, पण 'मावशी' मात्र सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात जमायचं, कारण त्याशिवाय धुतलेले मोजे परत मिळत नसत. शाळा डोंगराच्या ऐन खांद्यावर. खालच्या गावातून आठवड्यात दोनदा बस यायची, आणि तिच्यातून उतरलेलं नवं पोर रडून लाल झालेलं नाक घेऊन आधी कपडेखोलीत यायचं, कपड्यांवर नंबर शिवून घ्यायला. मावशी त्याचं नाक पुसायची आणि लगोलग स्वेटरचं बटण भलत्याच काजात गेलंय म्हणून त्याला झापायचीही.

चुकलेलं काही दिसलं की ते सुधारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. चादरीचा कोपरा असो, उलटा मोजा असो, नाहीतर कुणाचा उच्चार असो. एकदा तर भूगोलाचे मास्तर भर सभेत बोलत असताना ती उठून त्यांची कॉलर सरळ करून आली होती. लोक हसले. हसेनात का, तिने काय घोडं मारलं होतं कुणाचं? कॉलर वाकडी होती, ती सरळ झाली.

अडतीसांतलं एकच पोर तिच्या रक्ताचं होतं. बिट्टी, नऊ वर्षांची, तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण दीड वर्षापूर्वी गेली. नवरा आधीच सोडून गेलेला. शेवटचे तीन महिने मावशी तिच्या उशाशी बसून होती, आणि त्या तीन महिन्यांत बहिणीने औषध मागितलं नाही की देव मागितला नाही, एकच गोष्ट मागितली.

"ही फार लहान आहे गं. मला विसरून जाईल. तू विसरू देऊ नकोस."

मावशीने शब्द दिला. त्या शब्दापायीच तिने बिट्टीला इथे आणलं, जवळ ठेवलं, आणि रोज दुपारी जेवणानंतर अर्धा तास कपडेखोलीत बसवून आईबद्दल काही ना काही सांगायचा नेम धरला. तो एकही दिवस चुकवला नाही.

२

मंगळवारी मोठ्या मुली आपापले कपडे घडी करायला यायच्या. त्यांच्यात एक लांबुडकी पोरगी होती, थंड देशातली. तिला सगळे शिडी म्हणत. शिडी चांगली पोर होती, पण घडी म्हणजे बोळा. त्या मंगळवारी मात्र तिने फ्रॉक पसरला, दोन्ही बाजू नीट आत दुमडल्या, आणि शेवटी एक बाही उचलून फ्रॉकच्या खिशात खोचली. कुणी खिशात हात घालून ऐटीत उभं राहावं तसा तो फ्रॉक दिसायला लागला.

मावशीच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. अशी घडी जगात एकच बाई घालायची. लहानपणी थोरल्या बहिणीला चिडवायला म्हणून तिने ती काढली होती, आणि मग जन्मभर तिची तीच सवय होऊन बसली.

"कुणी शिकवलं हे?" मावशीने विचारलं.

"आईने," शिडी म्हणाली.

"कुणाच्या आईने?"

"माझ्या." शिडीला प्रश्नच कळला नाही. "माझी आई अशीच घडी घालते."

शिडीची आई मावशीने पाहिली होती. पोरीला सोडायला आली तेव्हा त्या बाईला सूटकेसची चेन लावता येत नव्हती. पण ते जाऊ दे. पोरं एकमेकांचं बघून शिकतात, त्यात नवल ते काय? बिट्टीने दाखवलं असेल आणि शिडीने उचललं असेल. थाप मारायचं वयच आहे. असं सगळं तिने स्वतःला समजावलं, आणि तरी दिवसभर तिच्या डोक्यातून तो 'माझ्या' काही जाईना. घडी घे बाई, हवी तर दहा घड्या घे. पण आई कशी घेतेस दुसरीची?

दुपारी तिने बिट्टीसमोर एक फ्रॉक टाकला. "घाल घडी. आई घालायची तशी."

बिट्टीने चौकोनी घडी घातली आणि वर पाहिलं. बाहीला तिने हातही लावला नव्हता.

३

शाळेत रोज चार वाजता गोल बसायचा. ही प्रिन्सिपलबाईंची पद्धत. या बाईंना मावशी मनातल्या मनात साखरबाई म्हणायची, कारण त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द म्हणून निघाला नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? वरच्या मजल्यावर काचेची एक खोली होती, तिन्ही बाजूंना दरी दिसणारी. तिथे सगळी पोरं जमिनीवर गोल करून बसत आणि रोज चार-पाच जणांनी घरची एकेक गोष्ट सांगायची. मोठं काही नाही. आमच्या जिन्याची तिसरी पायरी वाजते. आजोबा चहा बशीतून पितात. सांगून झालं की सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "पोचलं." नव्या पोरांना भाषा येत नसे, तेव्हा 'ऐकलं, समजलं, आवडलं' या सगळ्यालाच हा एक सोपा शब्द ठरवून दिलेला होता. पाहुणे आले की साखरबाई हे कौतुकाने सांगायच्या आणि पाहुण्यांचे डोळे भरून यायचे.

मावशी गोलात कधी बसली नव्हती. चार वाजता तिची इस्त्री असायची. पण काचेची खोली कपडेखोलीच्या बरोबर वर, आणि गरम पाण्याचा नळ तिथून खाली यायचा, त्यामुळे तो शब्द रोज नळातून उतरायचा. दोन वर्षं ती तो ऐकत आली होती. सुरुवातीला तो पोरांचाच असायचा, कुणी आधी, कुणी मागून, कुणी बोबडं.

त्या मंगळवारी तिने इस्त्री बंद करून मुद्दाम कान दिला. वर कुणीतरी पुटपुटत होतं. मग थोडी शांतता, आणि मग नळातून आलं, "पोचलं." कुणी मागे नाही, कुणी पुढे नाही. अडतीस पोरं होती वर, आणि आवाज एक होता.

सवय, ती म्हणाली. दोन वर्षं रोज म्हटल्यावर सूर जुळणारच. तरी तिने नळावर टॉवेल गुंडाळला.

४

बुधवारी तिने बहिणीचा फोटो काढला. नेहमीचाच, बिट्टीने शंभरदा पाहिलेला. अंगणात दोरीवर कपडे, आणि बहीण तोंडात दोन चिमटे धरून हसतेय.

बिट्टीने फोटो हातात घेतला, अगदी सभ्यपणे पाहिला, आणि परत दिला.

"छान आहे," ती म्हणाली. "कोण आहे ही?"

"बिट्टे, चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही गं."

"आई आहे ती तुझी."

"हो का?" बिट्टीने पुन्हा फोटो घेतला. तिला वाईट वाटलं होतं ते मावशीला वाटलं म्हणून, एवढंच. "मग असेल."

आता ओरडून उपयोग नव्हता. मावशीने तिला मांडीवर घेतलं, नऊ वर्षांची घोडी असली तरी घेतलं, आणि हळूहळू विचारलं. परवा मी काय सांगितलं तुला? आईचं पोहण्याचं सांगितलं ना? त्याआधी तापाचं? बिट्टी मान हलवत राहिली. आठवत नाही. तेही नाही.

"मग त्याचं केलंस काय?"

"तू दुपारी सांगतेस ते मी चारला सांगते," बिट्टी म्हणाली. "माझं सगळ्यांना फार आवडतं. सगळे म्हणतात, बिट्टीचं ऐकायचं."

"सांगितल्यावर काय होतं?"

"काही नाही. हलकं वाटतं." तिने जरा विचार केला. "आणि मग पोचलं ना. म्हणजे मग ते माझ्याकडे कसं असेल?"

जिन्यावरून खाली गेलेला चेंडू वर कसा असेल, असं विचारावं तशा साध्या सुरात ती बोलत होती. वर्षभर नेमाने, एकही दिवस न चुकवता, मावशी स्वतःच भरभरून देत होती, आणि ते चार वाजेपर्यंतसुद्धा टिकत नव्हतं.

५

ती तडक साखरबाईंच्या ऑफिसात गेली. दार वाजवलं नाही. तिचा संताप संताप झाला होता, आणि तो लपवायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

"गोल बंद करा."

साखरबाईंनी चष्मा काढला. "बसा ना मावशी."

"बसत नाही. माझ्या भाचीला तिची आई आठवत नाही. काल शिडी त्याच आईला स्वतःची आई म्हणाली. रविवारी फोनच्या वेळी त्या लहान जुळ्यांचा बाप मला विचारत होता, पोरी आमच्या कुत्र्याची चौकशी करतात, आमच्याकडे कुत्रा कधी नव्हताच. आणि सख्ख्या आजीचं नाव घेतलं तर गप्प बसतात. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता नाही नेणार."

"लहान मुलं विसरतात, मावशी. तो त्यांच्यावर उपकारच असतो एका परीने."

"उपकार? कुणी मागितला?"

"बिट्टी आली तेव्हा किती रडायची, आठवतं?" साखरबाईंचा आवाज तसाच मऊ. "आता रडते का? इथे माझं-तुझं नाही. जे आहे ते सगळ्यांचं. तिची आई गेली असं तुम्ही म्हणता. मला विचाराल तर आता ती अडतीस जणांकडे आहे."

मावशीला वाटलं, टेबलावरचा तो काचेचा गोळा उचलून भिरकावून द्यावा. इतकं गोड, इतकं नीट बोलावं माणसाने, आणि ते इतकं हलकट असावं? लेकराच्या तोंडचा घास काढायचा आणि वर म्हणायचं, बघा, कसं सगळ्यांचं पोट भरलं.

"तुमचं घर कुठलं हो?" तिने एकदम विचारलं. दोन वर्षांत हे विचारायचं सुचलं नव्हतं.

साखरबाई मनापासून हसल्या. "कुठलं सांगू? समुद्राकाठचं की वाळवंटातलं? एकात जिन्याची तिसरी पायरी वाजायची." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "आणि एकात दोरीवर कपडे असायचे."

नोकरी सोडत असल्याचं मावशीने तिथेच सांगून टाकलं. शुक्रवारी संध्याकाळी साडेचारची बस होती. साखरबाईंनी मान डोलावली आणि तुमची फार आठवण येईल म्हणाल्या.

६

गुरुवारी सकाळी, वर्ग सुरू व्हायच्या आधी, ती बिट्टीचं सामान आवरायला वरच्या शयनगृहात गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत सात पलंग, उन्हाची एक लांब पट्टी, आणि सहा मुली आपापल्या तयारीत. बिट्टी खिडकीशी बुटांच्या नाड्या बांधत होती. कुणाला मावशीची चाहूल लागली नाही.

एक मुलगी केस विंचरताना मान डाव्या खांद्यावर टाकत होती. दुसरी तोंडाने सुई-दोऱ्यातला दोरा तोडत होती आणि तोडताना एक डोळा मिटत होती. तिसरी गुणगुणत होती, पण पहिली ओळ पूर्ण करत नव्हती, अर्ध्यात सोडून पुन्हा पहिल्यापासून. शिडीने कमरेवर हात ठेवले, तळवे बाहेर करून. कुणीतरी नाकातून हसलं.

यातलं एकेक पाहिलं असतं तर मावशी म्हणाली असती, पोरी आहेत, करतात नकला. पण सगळं एकदम चाललं होतं. आणि क्षणभर, खरंच एखादाच क्षण, त्या खोलीत तिची बहीण होती. सहा पलंगांमध्ये हिंडत होती, केस विंचरत होती, दोरा तोडत होती, हसत होती. एकाही पोरीत ती नव्हती. त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत होती, आणि तिचं तोंड दाराकडे वळत होतं.

मावशीने दार ओढून घेतलं. जिन्यावर ती बराच वेळ कठड्याला धरून उभी राहिली. तिला भीती वाटली होतीच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याहून जास्त राग आला होता. दीड वर्षं ती बहिणीसाठी उशीत तोंड खुपसून रडली होती, आणि इथे या भुरट्यांनी तिला वाटून घेतली होती. आतून बिट्टीचा आवाज आला, माझी दुसरी नाडी कुणी पाहिली का. तिच्या आवाजात कुणाचंच काही नव्हतं.

७

शुक्रवारी चार वाजता दोन्ही बॅगा दारात होत्या. बिट्टीला पायरीवर बसायला सांगून मावशी किल्ल्या परत करायला गेली. पाच मिनिटं लागली असतील. आली तर पायरी रिकामी.

कुठे गेली ते विचारायची गरज नव्हती. ती धापा टाकत वरच्या मजल्यावर पोचली आणि काचेच्या खोलीचं दार ढकललं. गोल बसला होता. बाहेर दरीत धुकं भरलं होतं, त्यामुळे तिन्ही भिंती पांढऱ्या दिसत होत्या. कुणी चमकलं नाही. मावशीने पोरं ओलांडली, बिट्टीचं मनगट धरलं आणि तिला उठवलं. एक शब्द बोलायचा नाही, असं ती जिन्यातच ठरवून आली होती. दाराशी ती पोचलीही.

"माझी आई फार शांत होती," मागे शिडी सांगत होती. "कधी कुणावर रागवायची नाही."

मावशी थांबली.

ती आणि शांत? घ्यायचं ते घेतलंत, आणि वर तेही धड नाही?

"खोटं आहे," ती वळून म्हणाली. "नाकाच्या शेंड्यावर राग होता तिच्या. अकरा वर्षांची असताना मास्तर मला मठ्ठ म्हणाले, तर हिने त्यांची छत्री खिडकीतून खाली फेकली. वर म्हणाली, आता आणा जाऊन. शांत म्हणे."

"पोचलं."

"तिला पोहता येत नव्हतं," एक जुळी म्हणाली.

"येत नव्हतं? पूर आलेल्या पाण्यात उडी टाकली होती तिने, शेजाऱ्याच्या वासरासाठी. मी काठावर बोंबलत होते. वासरू घेऊन आली आणि मलाच म्हणते, किती ओरडतेस."

"पोचलं."

"मावशी," बिट्टीने हात ओढला. "बस आली."

खाली बसने हॉर्न दिला होता. मावशीने ऐकला. पण दुसरी जुळी म्हणाली की तिला मूल नकोच होतं, आणि हे ऐकून गप्प राहायला माणूस दगडाचा हवा. नकोच होतं? अहो, सात वर्षं वाट पाहिली तिने. बिट्टी झाली त्या दिवशी हसत होती आणि रडत होती आणि नर्सला म्हणाली, परत घेऊ नका हं. मावशीने ते सांगितलं. मग कुणी म्हणालं, ती झोपेत गेली. नाही, जागी होती, पूर्ण जागी होती, खिडकी उघड म्हणाली, माझा हात घट्ट धरून होती, पहाटेचं उजाडत होतं. तेही सांगितलं. पोरं चुकत होती आणि मावशी सुधारत होती, एका मागोमाग एक, आणि प्रत्येकाखाली तो शब्द पडत होता, एका आवाजात. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. साखरबाई मांडीवर हात ठेवून कौतुकाने ऐकत होत्या.

शेवटी कोपऱ्यातल्या एका पोरीने मावशीच्या बहिणीचं नाव सांगितलं. ते चुकीचं होतं. मावशीने ते सुधारलं.

"पोचलं."

मावशीला धाप लागली होती. कान तापले होते. तिने पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

"कुणाबद्दल सांगत होतीस गं?" बिट्टीने विचारलं.

"म्हणजे काय, त्या..." मावशीने आजूबाजूला पाहिलं. पांढऱ्या भिंती, अडतीस पोरं. ती फार चिडलेली होती, इतकी जन्मात कधी चिडली नव्हती. इथे काहीतरी अक्षम्य घडलं होतं, कुणाचं तरी मोठं नुकसान झालं होतं आणि त्याचा जाब विचारायला ती आली होती, एवढं तिला पक्कं माहीत होतं. ती या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत राहिली. कुणावर ओरडायचं ते कळेना. खाली बस निघाल्याचा आवाज आला.

शिडी उठली. तळवे बाहेर करून कमरेवर ठेवलेले हात तिने सोडले, मावशीजवळ आली, आणि मान डाव्या खांद्यावर टाकून तिच्या दंडाला हात लावला.

"असू दे गं ताई," ती म्हणाली. "किती चिडशील माझ्यासाठी."

"ताई काय ताई?" मावशी कडाडली. एवढा वेळ अडकलेला राग अखेर कुणावर तरी निघाला, आणि तिला बरं वाटलं. "लाडात यायचं नाही. इथे सगळे मावशी म्हणतात. मावशी म्हण."

त्या पोरीने दंडावरचा हात काढून घेतला. डोळे भरून आले होते तिचे, का कोण जाणे. मग तिने सांगितल्याप्रमाणे मावशी म्हटलं.